चुकीचा पत्ता

समजा, छत्रपती संभाजीनगरमधल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी आपला पहिलावहिला प्रोग्राम तपासत बसला आहे. प्रोग्राम अगदी साधा. शहराचे नाव आणि त्यापुढे एक संख्या पडद्यावर छापायची, एवढेच काम. शहराचे अधिकृत नाव २०२३ साली बदलले असले, तरी बोटांना सवय जुन्या नावाची. म्हणून चौदाव्या ओळीवर त्याने आधी छापण्याचा पाच रोमन अक्षरांचा हुकूम, मग कंस, अवतरणचिन्ह, देवनागरीत 'औरंगाबाद', पुन्हा अवतरणचिन्ह, स्वल्पविराम, एक मोकळी जागा, संख्येचे एकाक्षरी नाव आणि शेवटी कंस असा मजकूर लिहिला. ते एकाक्षरी नाव आधी जाहीर करायचे मात्र राहून गेले. कंपायलरने चूक तत्काळ पकडली आणि तिचा पत्ताही दिला: ओळ १४, कॉलम ३५.

विद्यार्थ्याने चौदावी ओळ शोधली आणि पडद्यावर बोट ठेवून अक्षरे मोजली. कंस, चिन्हे, मोकळी जागा असे सारे धरून ती भरली सतरा. पस्तिसावे अक्षर त्या ओळीत नव्हतेच.

येथे कंपायलर खोटे बोललेला नाही आणि विद्यार्थ्याचे मोजणेही चुकलेले नाही. दोघांनी वेगवेगळ्या वस्तू मोजल्या आहेत. माणसाने लिहिलेल्या आज्ञांचे यंत्राला उमजेल अशा संकेतांत भाषांतर करणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. भाषांतर करता करता तो चुका दाखवतो आणि प्रत्येक चुकीसोबत ओळ व कॉलम असे दोन आकडे देतो. हे आकडे संगणकाने दिले म्हणजे ते निर्विवाद असणार, अशी आपली समजूत असते. ओळीच्या आकड्यापुरती ती बहुतांशी खरी आहे. कॉलमच्या आकड्यामागे मात्र बऱ्याच तडजोडी दडलेल्या आहेत, आणि रोमन लिपीतून बाहेर पाऊल टाकले की त्या उघड्या पडतात.

मुळात कंपायलरला ओळी आणि कॉलम ठाऊकच नसतात. आपल्याला पडद्यावर दिसणारी फाइल ओळींची बनलेली असते. कंपायलरच्या पुढ्यात येते ती बाइट या एककांची एक लांबच लांब, अखंड रांग. ओळ संपल्याची खूण हाही त्या रांगेतला एक बाइटच, क्रमांक १० चा. रांगेतून पुढे सरकताना कंपायलर शब्द, चिन्हे, संख्या वेगळ्या काढतो आणि प्रत्येकाच्या पाठीवर एकच आकडा लिहून ठेवतो: फाइलच्या आरंभापासून हा घटक किती बाइट अंतरावर आहे. ओळ आणि कॉलम असे दोन आकडे प्रत्येक घटकासोबत वागवणे महाग पडते. मोठ्या प्रोग्राममध्ये असे घटक लाखोंनी असतात आणि त्यांतल्या बहुतेकांत चूक नसते. म्हणजे त्यांचा पत्ता कोणी कधी विचारणारच नसतो. जो पत्ता विचारला जाणार नाही तो आधीच काढून ठेवण्यात शहाणपण नाही, हा येथला हिशेब.

पत्ता विचारला गेला की मग एक तक्ता कामी येतो. त्यात प्रत्येक ओळ आरंभापासून किती अंतरावर सुरू होते एवढेच नोंदलेले असते. आपल्या उदाहरणात चौदावी ओळ ४१२ व्या अंतरावर सुरू होते, पंधरावी ४४९ वर, आणि चूक आहे ४४६ वर, असे धरू. ४४६ हा आकडा ४१२ आणि ४४९ यांच्या दरम्यान पडतो, म्हणजे ओळ चौदावी. ४४६ मधून ४१२ वजा केले की उरतात ३४. माणसे एकपासून मोजतात म्हणून एक मिळवायचा, की कॉलम ३५. तक्ता कितीही लांब असला तरी शोध झटपट लागतो, कारण तो शब्दकोशातला शब्द शोधावा तसा घेतला जातो. कोश मध्यावर उघडायचा, शब्द अलीकडे की पलीकडे ते पाहायचे, आणि उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे करायचे. एक लाख ओळींच्या फाइलमध्येही हवी ती ओळ फार तर सतरा तुलनांत सापडते. क्लँग हा सी भाषेचा कंपायलर तर आणखी काटकसरी आहे. त्या फाइलमधल्या कशाचा तरी पत्ता पहिल्यांदा विचारला जाईपर्यंत तो हा तक्ताही तयार करत नाही.

पत्ता सांगण्याची ही रीत मराठी वाचकाला परकी वाटू नये. ज्ञानेश्वरीतला दाखला देताना आपण अध्याय आणि ओवीचा क्रमांक सांगतो, फार बारकाईने बोलायचे असेल तर चरणही सांगतो. फाइल, ओळ आणि कॉलम यांची जोडणी नेमकी हीच. या शहरापासून जवळच असलेल्या पैठणला संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रतींत ओव्यांची एकूण संख्या सारखी नाही, हे अभ्यासकांना परिचित आहे. परिणामी एका प्रतीतला ओवीक्रमांक घेऊन दुसरी प्रत उघडावी, तर समोर भलतीच ओवी येऊ शकते. क्रमांक बरोबर असतो. तो कोणत्या प्रतीतला, हे सांगायचे राहून गेलेले असते. कॉलमच्या आकड्याचे दुखणे याच जातीचे आहे.

एके काळी कॉलम ही खरोखरीची, हाताला लागणारी वस्तू होती. १९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेतले प्रोग्राम ऐंशी उभ्या रकान्यांच्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोके पाडून लिहिले जात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, तो काळ याच कार्डांचा. पहिल्या पाच रकान्यांत विधानाचा क्रमांक, सहावा रकाना मागच्या कार्डावरचे विधान पुढे चालू असल्याची खूण करण्यासाठी, सातपासून बहात्तरपर्यंत प्रत्यक्ष मजकूर आणि शेवटचे आठ रकाने कार्डांच्या अनुक्रमांकासाठी. कार्डांचा गठ्ठा हातून निसटून जमिनीवर विखुरला, तर या शेवटच्या आठ रकान्यांच्या आधारेच तो पुन्हा लावता येई. त्या काळी 'पस्तिसावा रकाना' म्हटले की वादाला जागा नव्हती. पट्टी लावून तो दाखवता आला असता.

कार्डे गेली, फाइल आली, आणि कॉलम हा शब्द आपल्या मूळ वस्तूवाचून उरला. तरीही बराच काळ कोणाचे काही अडले नाही. रोमन लिपीत एक अक्षर म्हणजे एक बाइट आणि एक बाइट म्हणजे पडद्यावरची एक जागा. तिन्ही मोजमापांचे उत्तर एकच येत असल्याने आपण नेमके काय मोजतो आहोत, हा प्रश्न विचारण्याची वेळच आली नाही. किरकोळ कुरबुरी तेव्हाही होत्या. टॅब हे चिन्ह एका बाइटचे, पण पडद्यावर ते कोणाकडे चार जागा खाते तर कोणाकडे आठ. विंडोजमध्ये ओळ संपल्याची खूण दोन बाइटांची असते, युनिक्सच्या परंपरेत एकाची. त्यामुळे आपली तीच फाइल विंडोजच्या पद्धतीने साठवली, तर चौदावी ओळ ४१२ ऐवजी ४२५ वर सुरू होईल. ओळीचा आकडा मात्र दोन्हीकडे चौदाच राहील. माणसाला अंतराऐवजी ओळ सांगण्याचा हा मोठाच फायदा.

पत्त्याचा गुंता वाढवणारे दुसरेही एक कारण आहे. सी भाषेतला प्रोग्राम दिसतो एका फाइलचा, पण वरच्या दोन-चार ओळींत तो इतर फाइली आत बोलावून घेतो, त्या फाइली आणखी फाइलींना बोलावतात. कंपायलर या साऱ्यांना एकाच सलग अंकमालेत बसवतो, जणू शहरातल्या सर्व गल्ल्यांतील घरांना एकच क्रमवारी लावावी. क्लँगमध्ये ही माला सुमारे २१४ कोटी बाइटांपर्यंत जाते. जीसीसी या दुसऱ्या प्रख्यात कंपायलरची तऱ्हा मोठी मनोरंजक. त्याने एकेका पत्त्यासाठी ३२ बिटांचीच जागा राखलेली होती. अवाढव्य प्रोग्राममध्ये आकडे संपत आले की तो आधी कॉलम सांगणे सोडून देई आणि नुसत्या ओळीवर भागवी. २०२५ साली आलेल्या पंधराव्या आवृत्तीत ही जागा ६४ बिटांची झाली आणि ती चणचण मिटली. जीसीसीच्या अंतरंगाचे पद्धतशीर अध्यापन महाराष्ट्रात मुंबईच्या आयआयटीमध्ये प्रा. उदय खेडकर यांनी केले आहे. त्याच संस्थेतल्या प्रा. धनंजय ढमढेरे यांची पुस्तके वाचून तर अभियांत्रिकीच्या कित्येक तुकड्यांनी कंपायलरची मुळाक्षरे गिरवली.

हे झाले यंत्राच्या सोयीगैरसोयीचे. मराठी मजकुराची अडचण वेगळी आहे आणि अधिक मूलगामी आहे.

आज देवनागरी मजकूर साठवला जातो तो युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीनुसार, आणि फाइलमध्ये तो बहुधा यूटीएफ-८ या पद्धतीने लिहिला जातो. युनिकोडच्या दृष्टीने 'औरंगाबाद' हा शब्द आठ चिन्हांचा आहे: औ, र, अनुस्वार, ग, काना, ब, काना आणि द. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून शब्दाचे बाइट चोवीस. मराठी माणसाला मात्र या शब्दात पाचच अक्षरे दिसतात: औ, रं, गा, बा, द. रुंदी मोजणारे प्रचलित तक्ते चौथेच उत्तर देतात. त्यांच्या लेखी अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर बसतो म्हणून त्याची रुंदी शून्य, काना शेजारी उभा राहतो म्हणून त्याची एक. तेव्हा शब्दाची रुंदी सात.

आता विद्यार्थ्याच्या ओळीकडे परत जाऊ. शहराच्या नावाआधी सात चिन्हे आहेत, नावानंतर तीन, आणि मग ते चुकीचे एकाक्षरी नाव. डोळ्यांनी मोजले तर ते सोळाव्या जागी आहे. रुंदीच्या तक्त्याने अठराव्या. युनिकोड चिन्हे मोजली तर एकोणिसाव्या. बाइट मोजले तर पस्तिसाव्या. एकाच जागेचे हे चार पत्ते, आणि यांतला एकही चूक नाही. गो भाषेचा कंपायलर बाइट मोजतो, तो ३५ म्हणेल. क्लँगही बाइटच मोजतो. रस्ट भाषेचा कंपायलर युनिकोड चिन्हे मोजतो, तो १९ म्हणेल. पायथॉनही वाक्यरचनेतली चूक दाखवताना हीच पद्धत वापरतो. १६ हे माणसाचे उत्तर सहसा कोणीच देत नाही. रोमन लिपीत 'ऑरंगाबाद' लिहिणाऱ्याला मात्र चारही ठिकाणी एकच उत्तर मिळाले असते. ही सारी गोंधळाची परंपरा त्या सुखी एकवाक्यतेतून जन्मलेली आहे.

युनिकोडपूर्व काळात मराठीचे काय होते? भारतीय मानक संस्थेने १९९१ साली मान्य केलेल्या इस्की या संकेतात देवनागरी चिन्हाला एकच बाइट लागे, म्हणजे 'औरंगाबाद' आठ बाइटांत मावत असे. पण प्रत्यक्ष व्यवहारात राज्य होते ते फॉन्टचे. वृत्तपत्राचे संकेतस्थळ उघडले की आधी 'फॉन्ट डाउनलोड करा' अशी सूचना यायची, हे त्या काळच्या वाचकांना आठवत असेल. त्या व्यवस्थेत संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. रोमन संकेतांवर मराठी आकारांचे मुखवटे चढवलेले असत, आणि एका कंपनीच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की निरर्थक रांगोळी उमटे. त्या तुलनेत आजचा चार उत्तरांचा पेच सुखाचाच म्हणायचा.

आकडा निदान दुर्लक्षिता येतो. पण अनेक कंपायलर चुकीची ओळ पुन्हा छापतात आणि तिच्याखाली नेमक्या जागी बाण किंवा टोपीसारखे चिन्ह उमटवतात. क्लँगने ही पद्धत लोकप्रिय केली. जीसीसीने २०१३ सालच्या ४.८ या आवृत्तीपासून ती स्वीकारली. बाण योग्य जागी यावा म्हणून त्याच्याआधी तितक्या मोकळ्या जागा सोडाव्या लागतात, आणि किती सोडायच्या ते ठरवायला पडद्यावर देवनागरी अक्षर किती जागा घेईल हे आधी ठाऊक असावे लागते. ते ठरवतो टर्मिनलचा फॉन्ट, आणि त्याच्याशी कंपायलरचा काडीचाही संबंध नसतो. रोमन मजकुरासाठी बनलेल्या एकसमान रुंदीच्या चौकटीत 'त्र' किंवा 'क्ष्म्य' नीट बसत नाही. मग बाण दोन-तीन घरे पुढे सरकतो आणि निरपराध शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. ज्याला भाषा येते तो संदेशातला शब्द वाचून खरी चूक शोधतो. नवशिक्या विद्यार्थी बाणावर विश्वास ठेवतो आणि जिथे काही चुकलेलेच नाही तिथे दुरुस्ती करत बसतो. प्रोग्रामिंग आपल्याला जमणार नाही, असा ग्रह होण्यास अशी एक दुपार पुरेशी असते.

हा प्रश्न काही मोजक्या हौशी मंडळींचा उरलेला नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ साली मराठीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास मान्यता दिली आणि पुण्यात पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये संगणक अभियांत्रिकीचा मराठी अभ्यासक्रम सुरू झाला. पुस्तक मराठीत, शिकवणे मराठीत, तर प्रोग्राममधल्या टिपा आणि छापायचा मजकूर मराठीत असणे ओघानेच आले. अशा विद्यार्थ्याच्या पडद्यावर चुकीचा संदेश इंग्रजीत येतो, हे तो शिकून घेतो. तो संदेश त्याच्याच भाषेतल्या ओळीवर चुकीचे बोट ठेवतो, हे त्याला कोणी सांगत नाही.

मराठी शब्द नुसता छापण्यासाठी न ठेवता चलाचे नाव म्हणूनच वापरला, तर आणखी एक गंमत पाहायला मिळते. पायथॉनमध्ये २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरी नावे चालतात. गो भाषेतही इतर लिप्यांतील नावे चालतात, पण तिच्या व्याकरणानुसार नावात केवळ युनिकोडने 'अक्षर' म्हणून वर्गीकृत केलेली चिन्हे आणि अंकच हवेत. काना, मात्रा, वेलांटी यांची गणना तेथे अक्षरांत होत नाही. परिणाम असा, की 'वय' हे नाव चालते आणि 'नाव' हे नाव चालत नाही. 'नाव' हा शब्द ओळीच्या अगदी आरंभी असेल, तर न चे तीन बाइट सोडून चूक दाखवली जाते चौथ्या कॉलमवर. शब्द दोन अक्षरांचा, चूक चौथ्या जागी. आणि दाखवलेली वस्तू म्हणजे काना, ज्याला 'ना' या अक्षरापासून वेगळे घरच नाही. पत्ता अचूक आहे, फक्त तो एका अक्षराच्या पोटातला आहे. या नियमाची रास्त कारणे भाषेच्या कर्त्यांकडे असतील. मराठी लिहिणाऱ्याला तो विचित्र वाटणारच.

कंपायलर आणि संपादक, म्हणजे ज्यात प्रोग्राम लिहिला जातो ते साधन, यांच्यातला व्यवहार सुरू झाला तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला. पूर्वी कंपायलर आकडा छापून मोकळा होई आणि माणूस तो वाचत असे. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने पुढाकार घेऊन लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल हा संकेत जाहीर केला. त्यानुसार भाषा जाणणारा प्रोग्राम पार्श्वभूमीत सतत चालू राहतो आणि संपादकाला सांगतो की अमुक ओळीत, अमुक जागेपासून तमुक जागेपर्यंत लाल नागमोडी रेघ ओढ. दोन यंत्रांच्या या संभाषणात एकाने बाइट मोजले आणि दुसऱ्याने चिन्हे, तर रेघ भलतीकडे उमटणार. म्हणून संकेतात मोजमाप ठरवून दिले, आणि निवड झाली यूटीएफ-१६ या तिसऱ्याच पद्धतीची. शिवाय येथे मोजणी शून्यापासून. म्हणजे आपल्या विद्यार्थ्याची ओळ तेथे तेरावी आणि जागा अठरावी.

देवनागरीपुरते यूटीएफ-१६ चे एकक आणि युनिकोड चिन्ह यांत अंतर नाही, एकास एक हिशेब जुळतो. पण मोडी लिपीचे तसे नाही. मराठी राज्यकारभाराची शतकानुशतके वाहिलेली ही लिपी २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत समाविष्ट झाली, तोवर पहिल्या पासष्ट हजार संकेतांची जागा तिच्या वाट्याला उरली नव्हती. त्या मर्यादेपलीकडच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-१६ मध्ये दोन एकके आणि यूटीएफ-८ मध्ये चार बाइट लागतात. 'बाबा' हा चार चिन्हांचा शब्द मोडीत लिहिला, तर तो एका मोजणीत चार, दुसरीत आठ आणि तिसरीत सोळा भरतो. मोडी दस्तांच्या लिप्यंतराचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हा फरक जागोजागी सांभाळावा लागतो. २०२२ साली आलेल्या ३.१७ या आवृत्तीपासून दोन्ही बाजूंना आपसांत ठरवून यूटीएफ-८ किंवा यूटीएफ-३२ वापरण्याची मुभा मिळाली आहे. जीसीसीनेही २०२१ सालच्या अकराव्या आवृत्तीत बाइट मोजणे सोडून पडद्यावरची रुंदी मोजण्यास आरंभ केला. ज्यांची जुनी साधने बाइटांवर विसंबून आहेत त्यांच्यासाठी जुनी रीत पर्याय म्हणून ठेवली. सुधारणा होते आहे, पण प्रत्येक कंपायलर आपापल्या वाटेने सुधारतो आहे आणि त्या वाटा एकाच गावी जात नाहीत.

आता त्या विद्यार्थ्याने चूक दुरुस्त करण्याआधी शहराचे नाव अद्ययावत करायचे ठरवले, असे समजू. 'औरंगाबाद' खोडून त्याने 'छत्रपती संभाजीनगर' लिहिले. जुने नाव चोवीस बाइटांचे होते. नव्या नावात मधली मोकळी जागा धरून सतरा चिन्हे आणि एकोणपन्नास बाइट आहेत. या एका बदलाने फाइलमधला त्यापुढचा प्रत्येक घटक पंचवीस बाइट पुढे सरकला. चूक ४४६ वरून ४७१ वर गेली, कॉलम ३५ चा ६० झाला, पंधरावी ओळ ४४९ ऐवजी ४७४ वर सुरू होऊ लागली. एकदाच चालून थांबणाऱ्या कंपायलरला याची फिकीर नाही, तो फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचतो. पण संपादकामागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामला प्रत्येक कळ दाबली जाताच पुढचे सगळे अंतर नव्याने लिहायचे म्हटले तर कसे व्हायचे?

याच जिल्ह्यातल्या अजिंठ्याला अशीच अडचण आली होती. तेथील लेण्यांना क्रमांक दिलेले आहेत ते त्यांच्या काळानुसार नव्हेत, तर डोंगराच्या कड्यावरील जागेनुसार, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. क्रमांक देऊन झाल्यावर पंधरा आणि सोळा यांच्या मध्ये आणखी एक लेणे आढळले. पुढच्या सगळ्यांचे क्रमांक एकेकाने वाढवायचे, तर तोवरचे सारे ग्रंथ आणि नकाशे खोटे पडले असते. म्हणून त्याला '१५ ए' म्हटले गेले. प्रोग्रामरांनी वेगळी युक्ती योजली. मायक्रोसॉफ्टने २०१४ साली खुला केलेला रोझलिन हा कंपायलर घटकाजवळ त्याचे आरंभापासूनचे अंतर लिहीतच नाही; लिहितो फक्त त्याची स्वतःची लांबी. पत्ता विचारला की आधीच्या घटकांच्या लांबींची बेरीज केली जाते. शहराचे नाव बदलले तर त्या एका नावाची आणि ते ज्यांच्या पोटात आहे त्या मोजक्या रचनांची लांबी बदलते; पुढचे हजारो घटक जागेवर स्वस्थ बसून राहतात.

नव्या नावाने आणखी एक प्रश्न उभा केला, तो जुन्यात नव्हता. 'औरंगाबाद' मध्ये जोडाक्षर नाही. 'छत्रपती' मध्ये 'त्र' आहे. माणसाला दिसणारी अक्षरे मोजण्याचे नियम युनिकोडने स्वतंत्रपणे लिहिलेले आहेत, पण त्यांत दीर्घकाळ 'त्र' हे एक अक्षर मानलेले नव्हते. हलन्त त् एक आणि र दुसरे, अशी फोड होत असे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम दाखल झाला. शहराचे नाव बदलले तेही त्याच वर्षी; योगायोग, दुसरे काय. त्यामुळे 'छत्रपती संभाजीनगर' या नावात मोकळ्या जागेसह अक्षरे किती, याचे उत्तर जुन्या नियमावर चालणारा प्रोग्राम बारा असे देतो आणि नव्या नियमावर चालणारा अकरा. विद्यार्थ्याची चूक पहिल्याच्या मते तेविसाव्या जागी आहे, दुसऱ्याच्या मते बाविसाव्या. पडद्यावर बोट ठेवून मोजणारा विद्यार्थी दुसऱ्याशी सहमत होईल.